मधल्या पिढीचं धाडस

समलैंगिक मुलीची गोष्ट सांगणारा सिनेमा बहुतेक वेळा एकाच प्रसंगाच्या दिशेने चालत राहतो. मुलगी आईवडिलांसमोर बसते, आवंढा गिळते आणि इतके दिवस लपवलेलं सांगून टाकते. त्याआधीचं सगळं तयारीचं असतं आणि नंतरचं सगळं परिणामांचं. घर एक तर तिला जवळ घेतं, नाही तर दार लावून घेतं. अमेरिकेतल्या आशियाई कुटुंबांवरच्या, विशेषतः चिनी वंशाच्या कुटुंबांवरच्या गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या चित्रपटांतही हा प्रसंग येतो, पण तिथे त्याचं वजन वेगळं असतं, कारण मुलीने सांगण्याआधीच आईला ते कळून चुकलेलं असतं. मग प्रश्न उरतो तो आई या कळण्याचं काय करते हा. ती कुणासमोर गप्प बसते, कुणासाठी मुलीच्या जोडीदाराची ओळख नुसती ‘मैत्रीण’ म्हणून करून देते आणि हे कोणत्या क्षणी थांबवते? माझं म्हणणं असं आहे की या चित्रपटांत मुलीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त, आईला उघड व्हावं लागतं. तेही स्वतःच्या बापासमोर आणि ज्या चार लोकांत तिचं आयुष्य गेलं त्यांच्यासमोर. मुलीचं प्रेम आणि घराच्या अपेक्षा यांच्यातला झगडा या मधल्या पिढीच्या अंगावर लढला जातो, आणि ती पिढी हलली तरच गोष्ट पुढे सरकते.

ॲलिस वू यांचा ‘सेव्हिंग फेस’ हा या साऱ्याचा पाया आहे. स्टॅनफर्डमध्ये संगणकशास्त्र शिकलेल्या आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या वू यांनी ती नोकरी सोडून हा पहिला चित्रपट केला. २००४ च्या टोरांटो महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंग या चिनी वस्तीत तो घडतो, आणि त्यातली माणसं इंग्रजीइतकीच मँडरिनही बोलतात. विल ही तरुण शल्यचिकित्सक. दर आठवड्याला ती वस्तीतल्या नाचगाण्याच्या मेळाव्याला जाते, कारण आई तिथे तिच्यासाठी स्थळं बघत असते. तिथेच तिला व्हिव्हियन भेटते. व्हिव्हियन बॅले नर्तिका आहे, आणि विल ज्यांच्या हाताखाली काम करते त्या वरिष्ठ डॉक्टरांची मुलगी. एवढ्यावर एक नेटकी प्रेमकथा उभी राहिली असती, पण वू यांनी त्याच वेळी आईच्या आयुष्यात उलथापालथ घडवली आहे. अठ्ठेचाळीस वर्षांची ही विधवा आई गरोदर आहे आणि मुलाचा बाप कोण ते सांगायला तयार नाही. तिचे वडील तिला घराबाहेर काढतात आणि लग्न केल्याशिवाय परत यायचं नाही असं बजावतात. मग आई विलच्या लहानशा घरात राहायला येते, आणि मुलीसाठी नवरा शोधणाऱ्या आईसाठीच मुलगी नवरा शोधू लागते.

ही अदलाबदल विनोदासाठी केली आहे असं वरवर पाहता वाटतं, आणि चित्रपट हसवतोही भरपूर. पण तिच्यात एक कठोर विचार दडलेला आहे. ज्या नियमांच्या नावाने आई मुलीला अडवत होती, ते नियम आईचेही कधी नव्हते. तिलाही ते वरून मिळाले आणि तिनेही ते मुकाट सोसले. विल अखेर आईला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि मी समलैंगिक आहे. तेव्हा आई दुखावून विचारते की या दोन गोष्टी एका दमात तू बोलूच कशी शकतेस. मी वाईट आई नाही, माझी मुलगी तशी नाही, असं ती ठणकावते. या उत्तरात विलविषयी फार थोडं आहे. आईपणाची परीक्षा झाली आणि आपण नापास झालो, ही भीती त्यात आहे. त्या परीक्षेचा परीक्षक खोलीत हजरही नाही. तो फ्लशिंगमध्ये आहे, आईचा बाप म्हणून आणि त्याला मान देणाऱ्या वस्तीच्या रूपाने. या प्रसंगानंतर आई आपल्याला फारसा न आवडणाऱ्या एका सज्जन गृहस्थाशी लग्नाला उभी राहायला तयार होते, हे मला चित्रपटातलं सर्वांत खरं निरीक्षण वाटतं. मुलीने नियम मोडला म्हणून आई तोच नियम अधिक घट्ट धरते आणि स्वतःचं उरलेलं आयुष्य त्याला वाहायला निघते. आईला या लग्नातून बाहेर काढायला पुढे मुलगीच धावते, आणि मुलीला पुन्हा व्हिव्हियनपर्यंत पोचवायला शेवटी आईच पुढाकार घेते.

ही तीन पिढ्यांची रचना वू यांच्यापुरती राहिलेली नाही. २०२२ च्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ला सात ऑस्कर मिळाले. समांतर विश्वांचा त्याचा पसारा इतका मोठा आहे की त्याच्या पोटात एक अगदी साधा कौटुंबिक प्रश्न आहे हे सहज विसरलं जातं. लाँड्री चालवणाऱ्या एव्हलिनला आपल्या मुलीचं, जॉयचं, बेकीवर प्रेम आहे हे पूर्ण ठाऊक आहे. तिने ते एका परीने पचवलंही आहे. पण चीनहून आलेल्या म्हाताऱ्या वडिलांशी बेकीची ओळख करून देताना ती ‘जॉयची चांगली मैत्रीण’ एवढंच म्हणते. जॉयच्या मनात जी पोकळी पुढे साऱ्या विश्वाला गिळू पाहते, तिची सुरुवात चित्रपटात इथे दिसते, आईच्या या एका छोट्या माघारीत. एव्हलिनने स्वतः मनाविरुद्धचा जावई घरावर लादला म्हणून तिच्या वडिलांनी तिला कधीकाळी तोडलं होतं, हेही आपल्याला दाखवलं जातं. म्हणजे जी जखम तिला झाली तीच ती मुलीकडे पोचवते आहे. शेवटी ती वडिलांना बेकी कोण आहे ते सांगते, तेव्हा जॉयची बाजू घेता घेता ती स्वतःही पहिल्यांदा वडिलांसमोर ताठ उभी राहते.

अँग ली यांचा १९९३ चा ‘द वेडिंग बँक्वेट’ आणि अँड्र्यू आन यांनी २०२५ मध्ये केलेलं त्याचं नवं रूप शेजारी ठेवून पाहिलं, तर बत्तीस वर्षांत काय बदललं आणि काय नाही हे स्पष्ट दिसतं. पहिल्या चित्रपटातला तैवानी नायक आईवडिलांच्या समाधानासाठी एका मुलीशी खोटं लग्न करतो. वडील सगळं ओळखतात, मुलाच्या प्रियकराला लाल पाकिटात पैसे घालून देतात आणि आपल्याला कळलंय हे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावतात. प्रत्येकाला ठाऊक आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपवतो आहे. घर टिकतं ते या परस्परांच्या मौनावर. नव्या चित्रपटात अँजेला आणि ली या दोघी सिॲटलमध्ये संसार थाटून बसल्या आहेत. अमेरिकेत २०१५ पासून समलिंगी विवाह सर्वत्र कायदेशीर आहे, तरीही लग्न खोटंच लावावं लागतं, कारण त्यांचा कोरियन मित्र मिन याच्या आजोबांना सत्य कळता कामा नये. कोरियाहून आलेली आजी बनाव चटकन ओळखते आणि तरी समारंभ झालाच पाहिजे म्हणते. कायदा बदलला, पण ज्याच्यासमोर लाज राखायची तो वडीलधारा जागचा हललेला नाही. मधल्या माणसाचं काम आजही संपलेलं नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अशा गोष्टी सांगत राहिलं की आशियाई घर म्हणजे दडपशाही आणि अमेरिका म्हणजे मोकळीक, असं सोपं चित्र उभं राहत नाही का? गोऱ्या प्रेक्षकाला आपल्या समाजाच्या थोरवीची खात्री पटवणारं हे कथानक नव्हे का? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सिनेमाच्या बाहेर, अमेरिकेच्या स्थलांतराच्या कायद्यांकडे पाहावं लागतं. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांवर वेश्याव्यवसायाचा संशय घेऊन त्यांचा प्रवेश जवळपास बंद केला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना मज्जाव केला. ही बंदी १९४३ मध्ये उठली तेव्हा चिनी लोकांसाठी वर्षाला १०५ जागा ठेवण्यात आल्या. कित्येक दशकं चिनी वस्त्या म्हणजे बायकापोरांशिवाय राहणाऱ्या पुरुषांच्या वस्त्या होत्या. ज्यांना कुटुंब करण्याचाच मज्जाव झाला, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी लग्न आणि नातवंडं यांना जिवापाड जपलं, यात नुसती पूर्वेकडची परंपरा नाही, अमेरिकेच्या कायद्याने केलेला अन्यायही आहे. १९६५ च्या कायद्याने आशियासाठी दार खरं उघडलं. नातेवाइकांना बोलावून घेण्याची आणि शिकलेल्या व्यावसायिकांना येण्याची सोय त्याने केली. नातं आणि डिग्री या दोन पायऱ्यांवरून जो समाज आत आला, त्याने मुलांकडून लग्नाची आणि डॉक्टरकीची अपेक्षा धरली तर नवल नाही. आणि याच १९६५ च्या कायद्याने ‘लैंगिक विकृती’च्या नावाखाली समलैंगिकांना देशात येण्यापासून रोखणारी तरतूदही केली. ती १९९० पर्यंत टिकली. आशियाई कुटुंबाला आत घेणाऱ्या हातानेच समलैंगिक माणसाला बाहेर ठेवलं होतं. तेव्हा विलच्या आजोबांच्या कडव्या शिस्तीत चीन जेवढा आहे तेवढीच अमेरिकाही आहे.

वू यांना हे ठाऊक होतं याचा पुरावा चित्रपटात आहे. आई व्हिडिओच्या दुकानात चिनी चित्रपट शोधते, तेव्हा तिच्यासमोर ‘द लास्ट एम्परर’ आणि ‘द जॉय लक क्लब’ येतात, आणि त्यांच्या शेजारी आशियाई बायकांचे अश्लील चित्रपट. अमेरिकेने या स्त्रियांसाठी एवढ्याच जागा ठेवल्या होत्या. आईचं काम करणाऱ्या जोन चेन स्वतः १९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’मध्ये सम्राज्ञी होत्या, त्यामुळे त्या कपाटासमोर त्यांचं उभं राहणं अधिकच बोलकं होतं. पात्रं गोरी करा, मग पैसे मिळतील, असा आग्रह आपल्याला झाल्याचं वू यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. त्यांनी तो मानला नाही, आणि ते योग्यच झालं. ही आई, हे आजोबा आणि हा मेळावा काढून टाकला तर मागे दोन सुंदर मुली उरतात आणि गोष्ट उरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. आईला एवढं मध्यभागी आणलं की मुलीची गोष्ट मुलीकडून काढून घेतली जात नाही का? पडद्यावर आधीच क्वचित दिसणाऱ्या लेस्बियन प्रेमाला आईच्या चोरट्या प्रेमाचा आधार कशाला द्यायचा? स्त्रीपुरुषाच्या प्रेमाच्या आडोशाने ते प्रेक्षकांच्या गळी उतरवण्याची ही युक्ती आहे, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. शिवाय दोघींची संकटं सारखी नाहीत. आईच्या पोटातल्या मुलाला बाप मिळाला की वस्तीची कुजबुज कमी होईल. विलच्या बाबतीत असा कुठलाही पुरुष सापडून प्रश्न मिटणार नाही. हा फरक मान्य करूनही मी म्हणेन की आईला काढून टाकलं असतं तर प्रेम मोकळं झालं नसतं, त्याची अडचण तेवढी अदृश्य झाली असती. घराची सत्ता मुलीच्या प्रेमावर जी चालते, ती मुळात स्त्रीच्या शरीरावर चालणारी सत्ता आहे. कुणी कुणाबरोबर राहावं, मूल कुणाचं असावं, कोणत्या वयानंतर इच्छाच असू नये, हे सगळं ती ठरवते. आज्ञाधारकांनाही ती सुख देत नाही. रोशन सेठी यांच्या ‘अ नाइस इंडियन बॉय’मध्ये जोडी पुरुषांची आहे, पण त्यातलं कुटुंब गावस्करांचं आणि नायकाचा प्रियकर कुरुंदकर आडनावाचा आहे, म्हणून मराठी प्रेक्षक तिथे क्षणभर थबकेल. त्या घरात आईवडिलांनी ठरवलेल्या स्थळाशी लग्न केलेली बहीण नायकाहून दुःखी आहे. निशा गणात्रा यांच्या १९९९ च्या ‘चटनी पॉपकॉर्न’मध्येही हेच दुसऱ्या बाजूने येतं. आईच्या डोळ्यांत विवाहित सरिता ही यशस्वी मुलगी आणि बाईवर प्रेम करणारी रीना ही न बोलायची गोष्ट. पण सरिताला मूल होत नाही, आणि तिच्यासाठी मूल पोटात वाढवायला रीना पुढे येते. वंश पुढे नेण्याची ज्या घराला एवढी चिंता, त्याला हातभार लावते ती हिशेबात न धरलेली मुलगी.

तिसरा आक्षेप शेवटाविषयीचा आहे. ‘सेव्हिंग फेस’च्या अखेरीस विल आणि व्हिव्हियन साऱ्या मेळाव्यादेखत नाचतात आणि एकमेकींचं चुंबन घेतात. हे फारच गोड नाही का, आयुष्य असं वागतं का? बऱ्याचदा वागत नाही, हे खरं. पण दुःखान्त म्हणजेच वास्तव, हा समज कुठून आला तेही पाहायला हवं. अमेरिकी सिनेमात १९६१ च्या ‘द चिल्ड्रन्स अवर’मधली मार्था आपल्या भावना ओळखताच गळफास घेते. मराठी रंगभूमीवर १९८१ मध्ये आलेल्या तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने हा विषय त्या काळात मांडण्याचं मोठं धैर्य दाखवलं, पण त्यातल्या मित्रा या नायिकेचा शेवटही आत्महत्येतच होतो. दीपा मेहता यांच्या ‘फायर’मधल्या राधा आणि सीता जिवंत राहतात, मात्र त्यासाठी त्यांना घर सोडावं लागतं. आणि तेवढंही सहन न झाल्याने डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहांवर हल्ले केले. मरण किंवा घर सोडणं एवढेच दोन मार्ग ज्या परंपरेने दाखवले, तिच्यात त्याच घरात, त्याच माणसांत राहून जगणं हा तिसरा मार्ग दाखवणं याला भाबडेपणा म्हणता येणार नाही. तो शक्यतेचा दावा आहे. आईला कळावं की पहिल्यांदा प्रेमात पडायला कोणतंही वय उशिराचं नसतं, म्हणून आपण हा चित्रपट लिहिला, असं वू यांनी सांगितलं आहे. ज्या चित्रपटाचा पहिला प्रेक्षक स्वतःची आई असेल, त्याने आशा ठेवली यात खोटं काय?

शेवटचा आक्षेप मात्र माझ्याच म्हणण्यावर उलटतो. आईच्या धाडसावर सगळं अवलंबून असेल तर ज्या मुलीच्या आईला ते धाडस कधीच झालं नाही, तिने काय करायचं? तिने प्रेम अडवून ठेवायचं का? ‘सेव्हिंग फेस’ असं म्हणत नाही. पॅरिसला निघालेली व्हिव्हियन विमानतळावर विलला विनवते की इथे, लोकांसमोर, माझं चुंबन घे. विलला ते जमत नाही. तिथे आई नाही, आजोबा नाहीत, फक्त अनोळखी प्रवासी आहेत. म्हणजे घर आता विलच्या आतच येऊन बसलं आहे, आणि त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी तिची एकटीची आहे. चित्रपट तिला ती माफ करत नाही. वू यांनी सोळा वर्षांनी, २०२० मध्ये, केलेल्या ‘द हाफ ऑफ इट’मध्ये प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. तिथे धाकदपटशा करणारं कुणीच नाही. पत्नीच्या मृत्यूने खचलेला, इंग्रजी नीट येत नाही म्हणून एका आडगावच्या रेल्वे स्थानकावर अडकलेला बाप आहे, आणि त्याला सोडून जाता येत नाही असं मानणारी हुशार एली. ॲस्टर या मुलीवरचं तिचं प्रेम शेवटी संसारापर्यंत पोचत नाही. पण बाप तिला जाऊ देतो आणि ती दूरच्या कॉलेजला निघते. मुलीचं स्वातंत्र्य आणि मोठ्यांचं धाडस हे दोन्ही लागतं, आणि एकाने दुसऱ्याची वाट पाहत थांबायचं नसतं. तरीही किंमत कोण अधिक मोजतं ते विसरू नये. आई गप्प राहिली तर तिची वस्तीतली जागा शाबूत राहते, आणि मुलीचं घर जातं.

हे धाडस कसं असतं, याविषयीही नव्या चित्रपटांनी एक इशारा दिला आहे. २०२५ च्या ‘द वेडिंग बँक्वेट’मध्ये अँजेलाच्या आईचं काम पुन्हा जोन चेन यांनीच केलं आहे. ‘सेव्हिंग फेस’मध्ये मुलीचं सत्य नाकारणारी आई करणाऱ्या याच अभिनेत्रीने इथे समलैंगिकांच्या बाजूने जाहीरपणे उभी राहणारी, त्यासाठी गौरव स्वीकारणारी आई केली आहे. मुलगी मात्र तिच्यावर चिडून आहे, कारण गरज होती तेव्हा आईने तिला दूर लोटलं होतं आणि आताच्या कौतुकात त्याची कबुली कुठे दिसत नाही. लोकांसमोर चांगलं दिसण्याची जुनी ओढच इथे नवे कपडे घालून आली आहे. आधी मुलीला लपवून मान राखला जात होता, आता तिला मिरवून. दोन्ही वेळी मुलीकडे पाहायचं राहूनच गेलं.

अमेरिकेतल्या या घरांकडून भारतातल्या आणि परदेशातल्या मराठी घरांनी काही घ्यायचं असेल तर ते इथे आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं आणि २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. विवाहाच्या हक्काचा लढा पुढे व्हायलाच हवा. पण ज्या देशात तो जिंकला गेला तिथलेही चित्रपट पुन्हा पुन्हा त्याच दिवाणखान्यात येऊन थांबतात. ‘आम्हाला काही अडचण नाही, फक्त आजीला कळू देऊ नकोस’, असं म्हणणारे सुशिक्षित, प्रेमळ आईवडील स्वतःला उदार समजतात. या चित्रपटांच्या कसोटीवर ते उदार नाहीत. त्यांनी आपल्या वाट्याचं ओझं मुलीच्या खांद्यावर दिलं आहे आणि त्यालाच स्वीकार हे नाव दिलं आहे. मुलीला बंद खोलीत जवळ घेणं ही सुरुवात आहे. तिच्या जोडीदाराची खरी ओळख आजीला, काकांना, मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या चार लोकांना करून देणं हे पुढचं काम आहे, आणि ते मुलीचं नाही. त्या चार लोकांशी नातं आईवडिलांचं आहे, त्यांच्यासमोर बोलण्याचा अधिकार त्यांचा आहे, म्हणून ते बोलणं हे कर्तव्यही त्यांचंच आहे.